जावातल्या खेड्यात घर बांधावं का? सासुरवाडीच्या जागेचा प्रश्न

भातखाचर

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोय. इथे इंडोनेशियात राहिलेले बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतो.

मी मूळचा कराडजवळचा. सतरा वर्षं झाली इकडे, सूतगिरणीत नोकरी, राहायला जकार्ताच्या पूर्वेला बेकासीत. बायको जावानीज, तिचं गाव मध्य जावात पुर्वोरेजो जिल्ह्यात, मनोरेहच्या डोंगरउतारावर. सासरे गेले त्याला तीन वर्षं होत आली. त्यांच्याकडे माणूस गेल्यावर तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा दिवस, मग पहिलं आणि दुसरं वर्ष आणि शेवटी हजारावा दिवस करतात. तो हजारावा मागच्या महिन्यात झाला आणि पाहुणे पांगल्यावर सासूबाईंनीच वाटणीचं काढलं. तोवर कुणी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं, हे मला फार आवडलं.

जमीन किती, तर डोंगराखाली भाताची दोन खाचरं, त्याला सावा म्हणतात, आणि वर घराभोवतीची जागा म्हणजे पकारांगान. त्या घराभोवतीच्या जागेत नारळ, फणस, केळी, पपई, हळद, कसावा, मेलिंजो सगळं एकात एक वाढलेलं, नवख्याला जंगल वाटेल पण घरातली बाई डोळे मिटून हवं ते पान तोडून आणते. मध्ये जुनं लिमासान घर, सागाच्या खांबांचं, चारी बाजूंनी उतरतं कौलारू छप्पर. मेव्हणा गावातच शेती करतो, मोठी मेव्हणी सासूबाईंना सांभाळते, धाकटी सुराबायात आणि एक माझी बायको. बायकोला घर आणि भोवतीची अर्धी जागा घ्या म्हणतायत.

आता प्रश्न असा की आमची सगळी शिल्लक तिथे घालून निवृत्तीनंतर तिकडे जाऊन राहावं का? कागदाचं काय, परदेशी जावयाचं गावात काय होतं, आजारपणात बेकासी-जकार्ताला येणंजाणं जमेल का? कराडला आईवडील आता नाहीत, वाड्यात माझा हिस्सा भावाला देऊन टाकलाय, त्यामुळे परतायचं ठिकाण म्हणाल तर हेच. अनुभव असेल त्यांनी मोकळेपणी लिहा.

सह्यवेडा

वाचतोय. फोटो टाका हो घराचे.

रत्नागिरीची_माई

कागदाचं मी सांगते, माझा नवरा इंडोनेशियन आणि आम्ही याच चक्रातून गेलोय.

इकडचा मूळ कायदा १९६० चा, जमीन कायदा क्रमांक ५. त्यात पूर्ण मालकी म्हणजे हाक मिलिक फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाला वापराचा हक्क मिळू शकतो, हाक पाकाई, आणि भाडेपट्टा. बस. परदेशी माणसाकडे वारसाने किंवा लग्नामुळे मालकी आली तर एका वर्षाच्या आत ती दुसऱ्या पात्र माणसाला द्यावी लागते, नाही दिली तर हक्क संपतो आणि जमीन सरकारजमा.

आता तुमच्या कामाची गोष्ट. लग्नानंतर नवराबायकोने मिळवलेलं ते सामाईक धरतात, आणि सामाईक म्हटलं की परदेशी जोडीदाराचा हात लागला, म्हणून बायकोलाही जमीन घेताना अडचण येते. त्यावर उपाय म्हणजे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागायचा आणि कितीतरी बायका त्यात अडकल्या होत्या. २०१६ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की लग्नानंतरही करता येईल. नोटरीकडे करायचा आणि जिथे लग्नाची नोंद आहे तिथे नोंदवायचा. नुसता नोटरीचा शिक्का घेऊन घरी आलात तर तो अर्धाच झाला.

वडिलांकडून वारसाने आलेली जमीन सामाईकात येत नाही, ती तिची एकटीची, त्यामुळे जमिनीपुरतं तुमचं बरं आहे. पण घर तुमच्या पैशाने बांधणार, तेव्हा करार आधी आणि वीट नंतर. आणि एक विचारते, राग मानू नका. बायको तुमच्या आधी गेली तर? ते घर मुलांकडे जायचं असेल तर मुलं इंडोनेशियन नागरिक राहिली पाहिजेत. मिश्र लग्नाच्या मुलांना इकडे अठरापर्यंत दोन्ही चालतं, मग एकवीसच्या आत एक निवडावं लागतं. भारत तर दुहेरी मानतच नाही. हे आजच बोलून ठेवा.

गुंठेवारी

माई, दंडवत. धागाकर्ते, एकूण जमीन किती आहे ते सांगितलं नाहीत. एकरात सांगा.

भातखाचर

@माई खूप खूप आभार. करार आमचा झालेला नाही, हे पहिलं काम. मुलगी सोळाची आहे, म्हणजे वेळ थोडाच उरलाय. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

@गुंठेवारी, सासूबाई बाउमध्ये सांगतात. डच काळातलं माप, एक बाउ म्हणजे सुमारे ७,१०० चौरस मीटर, आपले सत्तर गुंठे, पावणेदोन एकर. सगळं मिळून एक बाउच्या आतबाहेर. तिकडे अर्ध्या हेक्टरच्या खालच्या शेतकऱ्याला पतानी गुरेम म्हणतात आणि जावात बहुतेक शेतकरी त्यातलेच. चौघांत वाटली की सगळेच गुरेम.

कृष्णाकाठ

अहो कराडकर, पावणेदोन एकरात चौघं म्हणजे आपल्याकडचीच गत की. बहिणींना देतात का तिकडे?

भातखाचर

देतात, आणि त्यावरच तर दोन रात्री चर्चा चालली. जावात एक शब्द आहे सपिकुल सगेंदोंगान. बाप्या खांद्यावर कावड घेतो, तिच्या दोन टोपल्या, बाई पाठीवर झोळीत एकच ओझं घेते, म्हणून मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. दुसरा शब्द सिगार समांगका, कलिंगड मधोमध कापावं तसं सारखं. गावागावात आणि घराघरात वेगळं. मशिदीतले वडीलधारे पहिल्या बाजूचे होते, सासूबाई म्हणाल्या कलिंगड. मेव्हणा बराच वेळ गप्प बसला, सिगरेट संपवली, मग म्हणाला आईचं म्हणणं तेच माझं. बायको त्या रात्री झोपली नाही, आनंदाने.

पेणची_सून

हे वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडे १९९४ ला महाराष्ट्राचा कायदा झाला, २००५ ला देशाचा, तरी माझ्या तिन्ही आत्यांकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या होत्या साडीचोळी देऊन. सही करताना मोठी आत्या एवढंच म्हणाली की माहेर तुटू नये म्हणून करतेय. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

माळावरचा

थोडं कडू लिहितो. मी पूर्व जावात चार वर्षं होतो. एका ओळखीच्या स्थानिक माणसाच्या नावावर भाताची जमीन घेतली, पैसा माझा, नाव त्याचं, शिवाय आपसात एक कागद की खरा मालक मी. सगळे असंच करतात असं मला सांगण्यात आलं होतं. पुढे त्याच्या घरात अडचण आली आणि त्याने ती जमीन गहाण टाकली. मी वकील गाठला तर तो म्हणाला तुमचा कागद दाखवू पण नका, परदेशी माणसाला आडून मालकी देणारा व्यवहार त्या १९६० च्या कायद्यातच रद्दबातल आहे. गेले पैसे. माणूस वाईट नव्हता, त्याच्या मुलीचं ऑपरेशन होतं. पण गेले ते गेले.

दुसरं म्हणजे शेतजमिनीचा मालक त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा असावा असा तिकडे १९६१ पासून नियम आहे, बाहेर राहिलात तर सहा महिन्यांत द्या किंवा राहायला या. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही, पण तुम्ही बेकासीचे रहिवासी, तेव्हा भाताची खाचरं बायकोच्या नावावर घेण्याच्या भानगडीत पडू नका. ती मेव्हण्याला जाऊ देत. घराची जागा वेगळी.

रत्नागिरीची_माई

माळावरच्यांना अनुमोदन. आणि भातखाचर, कागद कुठला आहे ते बघितलंत का? खेड्यात पुष्कळांकडे अजून लेटर सी असतो, म्हणजे ग्रामपंचायतीच्या जुन्या वहीतली नोंद, मुळात कर वसुलीची. ती मालकी नव्हे. आपल्याकडे सातबाऱ्याला मालकी समजतात तसाच गोंधळ. २०१७ पासून सरकारने गावंच्या गावं मोजून मालकीचं सर्टिफिकेट द्यायची मोहीम काढली, तुमच्या गावात झाली असेल तर उत्तम. नसेल तर वाटणीसोबतच करून घ्या, आजोबांच्या नावावर राहिलं की नातवंडांना सह्या गोळा करत फिरावं लागतं.

भातखाचर

घराची जागा सर्टिफिकेटवर आहे, सासऱ्यांच्या नावाने. खाचरांचा लेटर सीच आहे, तोही सासऱ्यांच्या वडिलांच्या नावे!! आणि एक खाचर सासऱ्यांनी कुणाकडे तरी गहाण ठेवलेलं निघालंय, साल कुणाला नक्की आठवत नाही.

माळावरचा

मग हे नक्की वाचा. १९६० च्याच एका कायद्यात असं आहे की शेतजमीन गहाण ठेवून सात वर्षं झाली की घेणाऱ्याने ती परत द्यायची, पैसे न मागता, कारण एवढी पिकं खाल्ली म्हणजे त्याची रक्कम फिटली. गावात हे माहीत नसतं किंवा माहीत असून भिडेपोटी कुणी बोलत नाही. साल शोधून काढा. पण जाऊन कायदा तोंडावर मारू नका, तुम्ही जावई आहात. मेव्हण्याला आणि गावच्या प्रमुखाला मध्ये घालून बोला.

ऊसकरी

थोडं अवांतर, पण कराडकर आहेत म्हणून राहवत नाही. जावाचा आणि आपल्या उसाचा जुना संबंध आहे. जावातल्या पासुरुआनच्या संशोधन केंद्रात १९२१ मध्ये पीओजे २८७८ नावाची जात निघाली, तिने जावाच्या साखरेचं सोनं केलं. पुढे कोइमतूरला तिचा संकर करून को ४१९ झाला, तोच आपल्या पश्चिम महाराष्ट्रात कित्येक वर्षं होता. माझे आजोबा को ४१९ ची कांडी हातात घेऊन वास घ्यायचे. म्हणजे तुमची सासुरवाडी आमच्या उसाची आजी लागते.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती साखर जावाच्या भातखाचरांतच पिकायची. १८३० पासून डचांनी जी सक्तीची पद्धत आणली तिच्यात गावाने पाचवा हिस्सा जमीन सरकारला हव्या त्या पिकाला द्यायची असा नियम, आणि प्रत्यक्षात कैक ठिकाणी त्याहून जास्त. ऊस, नीळ, कॉफी. भात मागे पडला, १८४० च्या दशकात मध्य जावात उपासमार झाली. एवढ्याएवढ्याशा तुकड्यांना ही माणसं का जपतात ते यातून समजतं.

सह्यवेडा

@ऊसकरी हे भारीच. वेगळा धागा काढा याचा.

नाचणीची_भाकरी

मी शेतीवर अभ्यासासाठी मध्य जावात बान्युमासच्या एका वाडीत दीड वर्ष राहिले. कागदावर वर बोलून झालंय, मी राहण्याबद्दल लिहिते, जरा लांबेल.

पहिल्या रात्री मला वाटलं चोर आलेत. बारा-एकला दारात बॅटरी, कुजबुज, डब्याचा आवाज. सकाळी कळलं की ती गस्त होती, रोंडा. प्रत्येक घराबाहेर खिळ्याला एक छोटा डबा टांगलेला असतो, त्यात रोज मूठभर तांदूळ घालायचे, हल्ली नाणी घालतात. गस्तीचे पुरुष ते गोळा करतात, त्यातून वाडीचा फंड, आजारी माणसाला मदत, दिव्याचा खर्च. त्याला जिम्पितान म्हणतात. डब्यात काही नसलं तर कुणी पैशासाठी येत नाही, येतात ते घरात काही कमीजास्त झालंय का बघायला. मी तापाने पडले होते तेव्हा डबा दोन रात्री रिकामा राहिला आणि तिसऱ्या सकाळी शेजारची म्हातारी आल्याचा काढा आणि भात घेऊन उभी.

हेच दुसऱ्या बाजूने बघा. कुणाकडे लग्न, मुंज म्हणजे त्यांच्याकडे सुंता, सातव्या महिन्याचं डोहाळजेवण, काहीही असलं की बायकांनी जाऊन स्वयंपाकाला लागायचं, रेवांग म्हणतात त्याला. दोनदोन तीनतीन दिवस नारळ किसणं, मिरच्या वाटणं. आणि आहेर, न्युम्बांग. त्याची वही असते हो, आपल्यासारखीच, कुणी किती दिले आणि आपण किती फेडले. त्यांच्या चांद्र वर्षात बेसार महिना लग्नांचा, तेव्हा माझ्या घरमालकीणबाई वही घेऊन बसायच्या आणि रडकुंडीला यायच्या. उसने काढून आहेर करणारी घरं मी बघितली आहेत. तुमच्या सासूबाईंच्या वहीत किती देणं आहे ते बायकोला बघायला सांगा, घराबरोबर ती वहीही तुमच्याकडे येणार आहे.

आणि भाषा. इंडोनेशियन येत असेलच तुम्हाला, पण गावात जावानीज. त्यात बरोबरीच्याशी न्गोको आणि मोठ्यांशी क्रोमो, शब्दच्या शब्द वेगळे. जेवण्याला न्गोकोत मांगान आणि सासूबाईंसाठी धाहार. आपल्याकडे निदान क्रियापदाच्या शेपटावर भागतं. न्गोकोत सासूशी बोललात तर त्या काही म्हणणार नाहीत, पण वाडी ऐकते.

गुंठेवारी

जिम्पितान हा शब्द 'चिमूट'च्या जवळचा वाटतोय की.

नाचणीची_भाकरी

अर्थ तोच आहे, जिम्पित म्हणजे चिमूट. शब्द मात्र जावानीजच, संस्कृतातून आलेला नाही. तसे संस्कृतचे शब्द ढीगभर आहेत, गावाला देसा म्हणतात आणि भाताच्या देवीला देवी स्री, मुसलमान शेतकरीही कापणीआधी खाचराच्या कडेला तिचा वाटा ठेवतात. जुन्या बायका देवी घाबरू नये म्हणून तळहातात मावेल एवढ्या पात्याने, आनी-आनीने, एकेक लोंबी कापायच्या. पुढे साठ-सत्तरच्या दशकात बुटक्या सुधारित भाताबरोबर विळा आला आणि कापणीला येणाऱ्या बायकांची मजुरी गेली. पूर्वी कापणाऱ्या बाईला भाताचाच वाटा मिळायचा.

दोन_डबे_मागे

प्रवासाचं कुणी बोललंच नाही, ते माझ्याकडे. मी त्या बाजूला दोनदा रेल्वेने फिरलोय.

तुमचं मोठं स्टेशन कुतोआर्जो. जकार्ताच्या पासार सनेनहून थेट गाड्या आहेत, रात्री बसा सकाळी उतरा. कुतोआर्जो ते योग्याकार्ता प्रामेक्स नावाची लोकल चालते, ८,००० रुपिया तिकीट, आपले पन्नासच्या आत. त्यामुळे मोठं हॉस्पिटल योग्याकार्ताला गाठणं अवघड नाही. शिवाय २०२० पासून योग्याकार्ताचा नवा विमानतळ पूर्ण चालू झालाय आणि तो शहराच्या पश्चिमेला कुलोन प्रोगोत, म्हणजे शहरापेक्षा तुमच्या पुर्वोरेजोलाच जवळ.

शेवटचे दहाबारा किलोमीटर हीच खरी अडचण. डोंगरात सार्वजनिक वाहन जवळपास नाही, सगळं मोटरसायकलवर. रस्त्याकडेला टपरीवर काचेच्या बाटलीतून पेट्रोल. सत्तरीत तुम्ही ती गाडी चालवणार का? आणि ईदला, लेबारानला, जकार्ता रिकामी होते आणि सगळं जावा गावी निघतं. तेव्हा तिकिटाची आशा सोडा. टोलरोड २०१८ च्या डिसेंबरात सुराबायापर्यंत जोडला गेला पण तुमच्या वाटेवर तो उत्तरेच्या किनाऱ्याने. तुम्हाला पेजागानला उतरून डोंगर ओलांडून दक्षिणेला यायचंय.

जाताजाता, बुतुहच्या रस्त्यावर दावेत इरंग प्या. भाताच्या पेंढ्याच्या राखेने काळ्या केलेल्या शेवया, नारळाचं दूध आणि माडाच्या गुळाचा पाक. दुपारी दोनच्या उन्हात मी दोन वाट्या संपवून तिसरी मागितली.

पेणची_सून

माडाचा गूळ!! त्याबद्दल सांगा ना कुणीतरी.

भातखाचर

ते मीच सांगतो, सासरे तेच करायचे.

पहाटे साडेपाचला कमरेला कोयता आणि बांबूची नळकांडी लावून माडावर. खोडाला पायापुरत्या खाचा पाडलेल्या असतात, दोर नाही, काही नाही. पोयीचं टोक कागदाएवढं पातळ कापायचं, रात्रभर भरलेलं नळकांडं सोडवायचं, नवं लावायचं. नव्या नळकांड्यात आधी चुन्याची निवळी आणि मंगुस्तानच्या सालीचा तुकडा, नाहीतर रस आंबतो. संध्याकाळी परत तेच, दिवसातून दोनदा, पाऊस असो नसो. सासूबाई तो रस मोठ्या कढईत चारपाच तास आटवतात. काकवीसारखा झाला की हलवायचं आणि अर्ध्या करवंट्यांत ओतायचं. वास थेट आमच्या गुऱ्हाळाचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या चुलीपुढे बसून मला कराडची इतकी आठवण झाली की सासूबाईंनी बायकोला विचारलं जावई आजारी आहे का.

सासरे एकदा पावसात घसरून पडले होते, तेव्हापासून पाय ओढत चालायचे. आता आमच्या माडांवर शेजारचा एक जण चढतो, अर्धा रस त्याचा अर्धा आमचा. त्याला मारो म्हणतात, आपली निमपट बटाई. मेव्हण्याचा मुलगा चढत नाही, तो कारखान्यात लागलाय. मला वाटतं आमच्या घरात ही कढई सासूबाईंबरोबर थांबणार, आणि हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

कोयनेचा

सगळं वाचलं. मी सावध करायला लिहितोय, वाईट वाटून घेऊ नका.

तुम्ही डोंगरउतार म्हणालात. पुर्वोरेजोत २०१६ च्या जूनमध्ये एका रात्रीच्या पावसात दरडी कोसळून कितीतरी माणसं गेली. आपल्याकडे २०१४ ला माळीण झालं त्याच्या आठवणीने मी ती बातमी तेव्हा शब्द न् शब्द वाचली होती. घरामागचा उतार केवढा आहे, झाडं कुणी तोडली आहेत का, पावसाळ्यात झरे जागा बदलतात का, जमिनीला भेगा पडतात का, हे वीट लावायच्या आधी बघा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना माहीत असतं कुठली टेकडी चालते.

आणि त्याच जिल्ह्यात वडास नावाचं गाव आहे. बेनेर धरणासाठी त्या गावातल्या टेकडीचा अँडेसाइट दगड काढायचा म्हणून जमिनी मागितल्या, लोकांनी नाही म्हटलं, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत मोजणीच्या वेळी मोठा पोलीस बंदोबस्त आला, साठाहून जास्त लोकांना धरून नेलं, दुसऱ्या दिवशी सोडलं. आमचं घराणं कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आजोबांकडे सगळे कागद होते, पेटीत, लाल फडक्यात. पेटी अजून आहे. तुमच्या सर्टिफिकेटची किंमत मी कमी करत नाही, पण गावच्या नियोजन नकाशात जागेवर काही आखलंय का ते आधी बघून या.

नाचणीची_भाकरी

कोयनेचा, वडासचं लिहिलंत ते बरं झालं. तिथल्या बायका जंगलाच्या वाटेवर बांबूच्या टोपल्या विणत पहाऱ्याला बसायच्या.

ऊसकरी

नि:शब्द.

माळावरचा

मला एक विचारायचंय. पन्नासेक प्रतिसादांत पोहोचू आपण अशाने, पण धागाकर्त्यांच्या बायकोला काय हवंय ते अजून कुणी विचारलंच नाही. सतरा वर्षं शहरात काढलेल्या बाईला परत चूल आणि रेवांग हवंय का? माझी बायको सांगलीच्या तिच्या गावी एक आठवडा आनंदाने राहते, आठव्या दिवशी बॅग भरते.

भातखाचर

@माळावरचा, खरंय, मी तिला न विचारताच धागा काढला होता. काल रात्री सगळा धागा तिला इंडोनेशियनमध्ये वाचून दाखवला. तुमच्या गहाणाच्या प्रतिसादावर तिने भावाला लगेच फोन लावला.

ती म्हणाली, नवं सिमेंटचं घर नको. टाइल्स लावलेली, रंगीत खांबांची घरं गावात खूप झाली, मुलं परदेशातून पैसे पाठवतात आणि आत एक म्हातारी टीव्हीपुढे बसलेली असते. तिला वडिलांचं लिमासानच दुरुस्त करून हवंय. आणि कायमचं जायचं का, तर पहिली दोन वर्षं सहा महिने इकडे सहा महिने तिकडे, मग बघू. मोठ्या बहिणीने आईचं सगळं केलं, तेव्हा घरात तिचीही खोली राहील, हे तिने अटच घातली. मला ते डोक्यात आलं नव्हतं.

रत्नागिरीची_माई

बाई शहाणी आहे. बहिणीच्या खोलीचं वाटणीच्या कागदातच लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. गोडीत असतानाच कागद करायचे असतात.

दोन_डबे_मागे

मग मी एकदा येणार. कालिगसिंग तुमच्या जवळच ना? तिथल्या शेळ्या बघायच्यात.

भातखाचर

या की. हो, शेजारचाच तालुका. एतावा शेळ्या, लांब लोंबते कान, फुगीर नाक. मूळ आपल्या उत्तर प्रदेशातल्या इटाव्याची जमनापारी, डचांच्या काळात आणलेली, नावही तेच चिकटलंय. मेव्हणा मला म्हणतो तुझ्या देशाची पाहुणी आहे, तूच चारा घाल.

भातखाचर

तीन आठवड्यांनी लिहितोय, बरेच जण विपूत (विचारपुशीत) विचारत होते.

करार नोटरीकडे झाला, नोंदणीला दिलाय. गहाणाचं साल सापडलं, सासूबाईंनी ट्रंकेत एक पावती ठेवली होती, नऊ वर्षं झालीत. मेव्हणा आणि गावप्रमुख जाऊन बोलले. समोरच्याने लगेच मान्य केलं नाही, पण यंदाचं पीक काढून खाचर सोडतो म्हणालाय आणि मेव्हण्याने बियाण्याचे पैसे त्याला द्यायचं ठरलं. खाचरं मेव्हण्याकडे जाणार. घरामागचा उतार गावातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन चालून आलो. त्यांनी वरच्या बांबूच्या बेटाला हात लावू नका म्हणून बजावलंय, आणि झऱ्याचं पाणी घराच्या डाव्या अंगाने काढून द्यायला सांगितलंय. नियोजन नकाशा जिल्ह्याच्या ठिकाणी बघायचा राहिलाय, ते पुढच्या खेपेला.

छप्पर उतरवून वासे बदलायचे तेव्हा मी मिस्त्रीला विचारलं किती मजूर लागतील, तर मेव्हणा म्हणाला मजूर कशाला, रविवारी सांबातान आहे, म्हणजे गावाने मिळून कामाला हात लावायचा. तीसेक बाप्ये आले, ओळीने उभे राहून कौलं हातोहात खाली, दुपारपर्यंत छप्पर मोकळं. मी ओळीत मधे उभा होतो, पहिली दोन कौलं माझ्या हातून सुटली. बायको आत बायकांत कसावा सोलत होती.

कोयनेचा

छान वाटलं वाचून. बांबूचं बेट सांभाळा. सासूबाई कुठे राहणार पण घराचं काम होईपर्यंत?

भातखाचर

तिथेच, मागच्या पडवीत चुलीपाशी. मेव्हण्याकडे चला म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या रस कोण आटवणार, आणि संध्याकाळी डब्यात तांदूळ कोण घालणार.